खनिज तिकडचे, भट्टी इकडची – गाळ कोणाच्या अंगणात?



आम्स्टरडॅम स्लोटरडाइक हे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांना गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. झानडमकडची, हार्लेमकडची, स्किपोलकडची गाडी इथे मिळते आणि आयमाउडनची बसही इथूनच जाते. स्टेशनच्या पलीकडे आम्स्टरडॅम बंदराचा कारखानदारी भाग सुरू होतो. तिथले हेमवेगचे कोळशावरचे वीजकेंद्र डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाले, आणि कोळशाची चढउतार २०३० पर्यंत थांबवायची असे बंदराने ठरवले आहे. तिथून कालव्याच्या कडेने साधारण वीस किलोमीटर पश्चिमेला गेले की समुद्राच्या तोंडाशी टाटा स्टीलचा आयमाउडनचा कारखाना लागतो. आपल्या ओळखीतले कुणी तिथे नोकरीला असते, कुणी बेव्हरवाइकला घर घ्यावे की नको या विचारात असते. त्यामुळे त्या कारखान्याची बातमी आली की आपल्याकडे चर्चा होतेच.

गेल्या काही महिन्यांत तीन बातम्या आल्या. जुलै २०२५ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात कोनसरी येथे लोहखनिजाचे पेलेट बनवणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. २९ सप्टेंबर २०२५ रोजी डच सरकार आणि टाटा स्टील यांनी आयमाउडनच्या भट्ट्या बदलण्यासाठी इरादापत्रावर सह्या केल्या. आणि १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार प्रत्यक्ष लागू झाला. या तिन्ही बातम्या आपण वेगवेगळ्या वाचल्या. आमच्या मते ती एकच गोष्ट आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना आपली माणसे आहेत.

दगड ते गोळी

आधी थोडी तांत्रिक माहिती. खाणीतून निघालेले लोहखनिज तसेच्या तसे भट्टीत टाकता येते असे पुष्कळांना वाटते. चांगल्या प्रतीचे मोठे खडे असतील तर ते खरेही आहे. पण खाणीतून निघणाऱ्या मालात चुरा फार असतो. झोतभट्टीत खालून गरम हवेचा झोत वर जावा लागतो. चुरा भरला तर वाटा बुजतात आणि भट्टी गुदमरते. म्हणून चुऱ्याला आधी आकार द्यावा लागतो.

त्याच्या दोन रीती आहेत. पहिली सिंटरची. चुऱ्यात कोकची बारीक पूड आणि चुनखडी मिसळून ती पेटवायची. चुरा अर्धवट वितळून एकमेकांना चिकटतो आणि त्याचे तुकडे होतात. हे तुकडे प्रवासात फुटतात, म्हणून सिंटर बहुधा भट्टीच्या शेजारीच बनवतात. दुसरी रीत पेलेटची. खनिज पिठासारखे दळायचे, त्यात थोडी बेंटोनाइट माती घालून फिरत्या थाळीत किंवा ड्रममध्ये लाडवांसारखे वळायचे, आणि साधारण १२५० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजायचे. बोराएवढ्या, ८ ते १६ मिलिमीटरच्या टणक गोळ्या तयार होतात. त्या जहाजातून जगाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या तरी फुटत नाहीत. म्हणून 'प्रक्रिया केलेले लोहखनिज' विकणे म्हणजे व्यवहारात पेलेट विकणे.

दळण्याचा आणखी एक फायदा आहे. दळल्यावर लोखंडाचे कण आणि वाळू-मातीचे कण वेगळे करता येतात. निम्म्याहून कमी लोह असलेला दगडही त्यामुळे विकण्याजोगा होतो. मात्र वेगळी केलेली वाळू-माती नाहीशी होत नाही. ती ओल्या गाळाच्या रूपाने खाणीच्या किंवा कारखान्याच्या परिसरात साठवावी लागते. हा गाळ वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

चांद्याच्या जंगलातून आयमाउडनला

टाटांच्या पोलादाची सुरुवात जमशेदपूरला झाली असे आपण शाळेत शिकलो. पण जमशेटजी टाटांच्या डोळ्यांसमोर आधी होता तो आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा १८८२ चा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. लोहारा येथील लोहखनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असा त्याचा आशय. वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीला लागणारा कोक नीट होईना, म्हणून तो बेत बारगळला. पुढे दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांनी चांद्याचे जंगल पुन्हा पालथे घातले. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजच्या खनिजाविषयीचे पत्र आले आणि कारखाना साकचीला गेला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली.

इकडे हॉलंडमध्ये ना लोहखनिज होते ना मुबलक कोकचा कोळसा. पहिल्या महायुद्धात बाहेरून पोलाद मिळेनासे झाले तेव्हा या देशाने धडा घेतला आणि सप्टेंबर १९१८ मध्ये होखओव्हन्स कंपनी काढली. आयमाउडनची पहिली झोतभट्टी १९२४ मध्ये पेटली. जागा निवडली ती समुद्रकाठची, कारण सगळा कच्चा माल जहाजानेच यायचा होता. आजही खनिजाची मोठी जहाजे कालव्याच्या जलपाशात न शिरता बाहेरच्या बंदरातच लागतात. कंपनी १९९९ मध्ये ब्रिटिश स्टीलमध्ये मिळून कोरस झाली आणि २००७ मध्ये टाटांनी कोरस सुमारे १२ अब्ज डॉलरला विकत घेतली.

त्या लिलावात टाटांच्या विरुद्ध शेवटपर्यंत बोली लावणारी कंपनी ब्राझीलची सीएसएन होती. तिच्याकडे स्वतःची मोठी खाण होती आणि तिला युरोपात भट्ट्या हव्या होत्या. टाटांकडे भारतात खाणी होत्या, पण युरोपातल्या भट्ट्यांसाठी खनिज बाजारातूनच घ्यावे लागणार होते. पुढे टाटांनी कॅनडात शेफरव्हिलजवळ खाणीत पैसे गुंतवले ते याच कारणाने. खाणवाल्याला भट्टी हवी असते आणि भट्टीवाल्याला खाण. पोलादाच्या धंद्याचा निम्मा इतिहास या एका वाक्यात येतो.

विकणाऱ्याची बाजू: गोवा आणि कुद्रेमुख

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. आपल्या भागात लोहखनिज विकण्याचा सर्वांत मोठा अनुभव गोव्याला आहे. १९५० च्या दशकापासून जपानच्या भट्ट्यांनी गोव्याचे खनिज नेले. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या खाणींतून ट्रक निघायचे, मांडवी आणि जुवारीच्या काठावर बार्ज भरायचे आणि मुरगावला माल मोठ्या जहाजात चढायचा. ऱ्हाइन नदीतून रॉटरडॅमचे खनिज जर्मनीतल्या डुइसबुर्गला नेणारे बार्ज आपण इथे पाहतो, तसाच तो प्रकार. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे आणि चुरा जास्त, म्हणून चौगुले समूहाने १९६० च्या दशकातच तिथे पेलेटचा कारखाना काढला होता. पण बहुतेक माल कच्चाच गेला. २००० नंतर चीनची मागणी आली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर पडले.

त्यानंतरचा घटनाक्रम आपल्याला ठाऊक आहे. शाह आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने थांबवलेल्या खाणी, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. लिलाव होऊन नव्याने सुरुवात व्हायला कित्येक वर्षे गेली. मधल्या काळात कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेली कुटुंबे अडकली. ज्यांच्या विहिरी आटल्या आणि शेतात लाल चिखल साचला ती कुटुंबे त्याआधीच अडकली होती. २०१४ च्या निकालात न्यायालयाने विक्रीच्या रकमेतला दहा टक्के भाग गोव्याच्या कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले, कारण खनिज एकदाच विकता येते. हे शहाणपण साठ वर्षे उशिरा आले.

दुसरा अनुभव कर्नाटकातल्या कुद्रेमुखचा. १९७५ मध्ये इराणच्या शहांशी करार झाला. इराणने पैसे द्यायचे, भारताने वर्षाला ७५ लाख टन शुद्ध केलेले खनिज पाठवायचे. डोंगरातून मंगळूरपर्यंत ६७ किलोमीटरची नळवाहिनी घातली, त्यातून पाण्याबरोबर खनिज वाहात जायचे. आणि १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली. ज्याच्यासाठी एवढे सगळे उभारले तो गिऱ्हाईकच नाहीसा झाला. दुसरे गिऱ्हाईक मिळावे म्हणून मंगळूरला पेलेटचा कारखाना काढला, तो १९८७ मध्ये सुरू झाला. पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या प्रश्नावर न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस खाणच बंद झाली आणि खाणीविना कारखाना राहिला.

तिसरा अनुभव अगदी अलीकडचा. मे २०२२ मध्ये देशात पोलाद महागले म्हणून केंद्र सरकारने लोहखनिजावरचे निर्यातशुल्क ५० टक्के केले आणि तोवर शुल्क नसलेल्या पेलेटवर एकदम ४५ टक्के लावले. निर्यात कोसळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले आणि पेलेट पुन्हा शुल्कमुक्त झाले. सहा महिन्यांचाच खेळ, पण परदेशी गिऱ्हाईकाला त्यातून जो संदेश जायचा तो गेला. भट्टी सहा महिने उपाशी ठेवता येत नाही. तो गिऱ्हाईक दुसरीकडे जातो.

या तीन अनुभवांवरून एवढे म्हणता येईल की कच्चा दगड विकण्यापेक्षा पेलेट विकणे बरे असले, तरी नुसते पेलेट बनवल्याने विकणारा सुरक्षित होत नाही.

सुरजागड आणि डोलवी

आता पुन्हा चांद्याच्या जंगलात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला २००७ मध्ये मिळाला. हा डोंगर तिथल्या माडिया गोंड लोकांच्या ठाकूरदेवाचा. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते. ग्रामसभांचा विरोध होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहणारी सत्तराहून अधिक वाहने जाळली. खाण खऱ्या अर्थाने २०२१ पासून चालू झाली आणि २०२३ मध्ये तिला वर्षाला एक कोटी टनांची पर्यावरण मंजुरी मिळाली. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकांच्या रांगा, खड्डे, धूळ आणि अपघात यांच्या बातम्या आपण वाचत आलो. आता हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी झाली आहे. खनिज दळून पाण्याबरोबर त्यातून जाते आणि कोनसरीला वर्षाला ४० लाख टन क्षमतेच्या कारखान्यात त्याचे पेलेट होतात. रस्त्यावरचे ट्रक त्यामुळे कमी होतील, हा फायदा खरा आहे. त्याच दौऱ्यात कोनसरीला पूर्ण पोलाद कारखान्याचीही पायाभरणी झाली. जमशेटजींना जे चांद्यात जमले नाही ते सव्वाशे वर्षांनी होऊ घातले आहे.

दुसरे टोक रायगड जिल्ह्यात. पेणजवळ डोलवीला १९९४ मध्ये, त्या काळच्या इस्पात समूहाने नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न बनवणारा प्रकल्प सुरू केला. स्पंज आयर्न म्हणजे खनिज न वितळवता वायूने त्यातला ऑक्सिजन काढून केलेले लोखंड. ते मग विजेच्या भट्टीत वितळवतात. आज हा कारखाना जेएसडब्ल्यूचा आहे, तिथे झोतभट्ट्याही आहेत आणि पेलेटही बनतात. खनिज धरमतर खाडीतून बार्जने येते.

डोलवीचे नाव मुद्दाम घेतले. आयमाउडनला आज जे नवे तंत्र म्हणून आणायचे चालले आहे, त्याचा गाभा आपल्या कोकणात १९९४ पासून चालू आहे.

विकत घेणाऱ्याची बाजू: आयमाउडन

आयमाउडनचा कारखाना वर्षाला सुमारे ७० लाख टन पोलाद बनवतो. एक टन पोलादाला साधारण दीड टन खनिज लागते, म्हणजे वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास खनिज. युरोपात फार थोड्या पोलाद कारखान्यांकडे स्वतःचा पेलेट कारखाना आहे, त्यांत हा एक. म्हणजे चुरा आणून इथेच दळणे, वळणे, भाजणे चालते. शेजारी सिंटरचा कारखाना आणि कोकच्या भट्ट्या.

याचा त्रास शेजाऱ्यांना झाला. वाइक आन झे गावात २०१८ मध्ये मळीच्या कामातून उडालेल्या काळ्या ग्रॅफाइटचा सडा पडला. खिडक्यांवर, गाड्यांवर, मुलांच्या घसरगुंडीवर. तिथून पुढे मोजमाप सुरू झाले. देशाच्या आरोग्य संस्थेने, म्हणजे आरआयव्हीएमने, सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांचे आयुष्य त्या प्रदूषणामुळे सरासरी अडीच महिन्यांनी कमी होते, असा त्यातला अंदाज. शिसे आणि बारीक धूळ यांच्या मोठ्या स्रोतांपैकी एक होता पेलेट कारखाना. गेल्या काही वर्षांत त्याच्या धुराड्यासाठी मोठी गाळणी बसवली गेली आणि खनिजाच्या ढिगांपुढे वारा अडवणारी उंच भिंत उभी राहिली.

सप्टेंबर २०२५ च्या इरादापत्रात बेत असा मांडला होता: दोनपैकी मोठी झोतभट्टी, म्हणजे क्रमांक ७, आणि एक कोक कारखाना बंद करायचा. त्यांच्या जागी आधी नैसर्गिक वायूवर आणि पुढे जैविक वायू किंवा हायड्रोजनवर स्पंज आयर्न आणि विजेची भट्टी. सरकारची मदत जास्तीत जास्त दोन अब्ज युरो. इरादापत्र बंधनकारक नव्हते. अंतिम करार त्यानंतरच्या वाटाघाटींवर ठेवला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने हॉलंडमधल्या सुमारे १६०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. म्हणजे घर घेणाऱ्याला धुराची काळजी आणि नोकरी करणाऱ्याला कामाची, दोन्ही एकाच गावात.

आता खरा मुद्दा. झोतभट्टीत खनिजातली वाळू-माती वितळून मळीच्या रूपाने बाहेर पडते. झोतभट्टी म्हणूनच थोडे कमअस्सल खनिजही पचवते. स्पंज आयर्नच्या प्रकल्पात खनिज वितळतच नाही. वाळू-माती आत तशीच राहते आणि पुढे विजेच्या भट्टीचा खर्च वाढवते. म्हणून या नव्या पद्धतीला साधारण ६७ टक्के लोह असलेले पेलेट लागतात. जगात असे पेलेट थोडे आहेत. स्वीडन, ब्राझील, कॅनडा हे त्यांचे मोठे विक्रेते. युरोपातले कारखाने जसजसे या वाटेने जातील तसतशी अशा पेलेटची मागणी वाढणार.

सोप्या भाषेत सांगायचे तर इकडची भट्टी जितकी स्वच्छ व्हायची, तितके खनिज खाणीपाशीच अधिक धुवावे लागणार. स्वच्छ गोळी गिऱ्हाईकाकडे जाते, गाळ खाणीच्या गावात राहतो. पाणीही त्याच गावाचे लागते.

सीमेवरचा हिशेब

इथे युरोपचा कार्बन आकार येतो. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती. २०२६ पासूनच्या आयातीसाठी युरोपातल्या आयातदाराला प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील, त्यांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारी फुकट सवलत टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०३४ मध्ये संपेल, तेव्हा हा आकार पूर्ण लागेल.

यादी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट दिसते. कच्चे लोहखनिज यादीत नाही. सिंटर आणि पेलेट मात्र आहेत. म्हणजे गोव्याचा चुरा आणला तर आकार नाही, तोच चुरा भाजून गोळी केली की आकार लागतो. वरवर पाहता हा कच्चा माल विकत राहा असाच निरोप वाटतो. दादाभाई नवरोजींच्या काळापासून आपण ज्या व्यवहाराविरुद्ध बोलत आलो, तोच पुन्हा.

पण आकडे मांडून पाहू. कार्बनचा दर टनाला ७५ युरो धरला आणि एक टन पेलेट भाजताना टनाचा दहावा हिस्सा कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तर २०३४ नंतरचा पूर्ण आकारही टनामागे साडेसात युरो होतो. पोलादाचे वेगळे. भारत सरकारच्या २०२४ च्या हरित पोलाद आराखड्यानुसार देशात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याच दराने पूर्ण आकार टनामागे जवळजवळ १९० युरो. म्हणजे ही भिंत मुख्यतः आपल्या पोलादाला अडवणार आहे, पेलेटला फारशी नाही. याचा परिणाम असा होऊ शकतो की भारताने पोलाद विकण्याऐवजी पेलेटवर थांबावे हेच फायद्याचे ठरेल. कच्चा दगड नाही, पण पूर्ण पोलादही नाही, मधल्याच पायरीवर.

याला कुणी कार्बनचा साम्राज्यवाद म्हणतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. शंभर वर्षे इथल्या भट्ट्यांनी फुकट धूर सोडला हे खरेच आहे. तरीही नियमात एक दार आहे. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा मिळते. भारताने २०२३ मध्ये स्वतःच्या कार्बन बाजाराची योजना जाहीर केली आहे. ती नीट चालली तर तो पैसा ब्रसेल्सला जाण्याऐवजी भारतात राहील. भांडत बसण्यापेक्षा हे दार वापरणे शहाणपणाचे.

दुसरे, कार्बनचा हिशेब म्हणजे गाळाचा आणि धुळीचा हिशेब नव्हे. ब्रसेल्सच्या तक्त्यात गडचिरोलीच्या ओढ्याचा रकाना नाही. तो आपणच मांडावा लागेल.

मग मागायचे काय?

कोनसरीची गोळी उद्या आयमाउडनला येईल असे आमचे म्हणणे नाही. समुद्रापासूनचे अंतर पाहता तिचे गिऱ्हाईक देशातच अधिक असणार, आणि भारतीय पेलेटचे परदेशातले मोठे गिऱ्हाईक चीन आहे. पण भाजण्याची रीत दोन्हीकडे एकच, धूळही त्याच प्रकारची. वाइक आन झेच्या माणसाचे अडीच महिने मोजले गेले, कारण तिथल्या लोकांनी ते मोजायला लावले. कोनसरीच्या आणि हेडरीच्या माणसाचे महिने मोजायला हरकत काय?

खाण नको, कारखाना नको असे आम्ही म्हणत नाही. गडचिरोलीच्या तरुणाला घराजवळ काम मिळावे हे आपल्यातल्या कुणाला नको असेल? त्याचे दुसरे पर्याय काय होते ते आपण सारे जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की पेलेटच्या किमतीत गाळ सांभाळण्याचा खर्च धरलेला असावा, आणि धूळ व पाणी यांची मोजमापे गावातल्या माणसाला मराठीत आणि माडियात वाचता यावीत. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांना राजधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. तो पैसा खाणीने बाधित झालेल्या गावांसाठी आहे. तो कुठे खर्च झाला हे विचारायला नागरिकाला कुणाची परवानगी लागत नाही.

आपण इतक्या लांबून काय करणार, असे कुणी म्हणेल. तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, इथले मत. भारतीय पासपोर्ट असला तरी पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की हॉलंडमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. आपल्यातले पुष्कळजण हा हक्क वापरत नाहीत. टाटाचे परवाने प्रांत देतो आणि प्रांताच्या मतदानाला डच नागरिकत्व लागते, हे खरे. पण परवान्याच्या मसुद्यावर लेखी म्हणणे मांडायला नागरिकत्व लागत नाही. बेव्हरवाइक, वेल्झेन, हेम्सकर्क भागातल्या कुटुंबांनी हे जरूर करावे. कारखान्यात काम करणाऱ्यांनीही करावे. परवान्याविषयी बोलणे म्हणजे नोकरीविरुद्ध बोलणे नव्हे.

दोन, आपला पैसा. खाण आणि पोलाद कंपन्यांचे शेअर आपल्यातल्या अनेकांकडे थेट किंवा म्युच्युअल फंडातून असतात. भारतात मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना वार्षिक अहवालाबरोबर पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवालही द्यावा लागतो. नफ्याचे पान उघडतो तसे तेही पान उघडावे. गाळ कुठे साठवला, पाणी किती उचलले, असे प्रश्न भागधारक म्हणून पत्राने विचारता येतात.

तीन, आपले ज्ञान. आपल्या मंडळींत धातुशास्त्राचे, पाण्याचे, संगणकाचे जाणकार आहेत. आयमाउडनमध्ये कोणती गाळणी बसवली, मोजणी कशी होते, आकडे लोकांना कसे कळवतात, ही सगळी माहिती इथे डच भाषेत उघड आहे. ती मराठीत आणून गडचिरोलीतल्या ग्रामसभांसोबत काम करणाऱ्यांपर्यंत पोचवणे हे काम आपल्याशिवाय कोण करणार? पैसे पाठवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. माहिती पाठवणारे थोडे आहेत.

या तिसऱ्या कामासाठी ज्यांना डच अहवाल वाचून मराठीत सार काढता येईल, त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीला अवश्य कळवावे. सुरुवात आरआयव्हीएमच्या २०२३ च्या अहवालाच्या चार पानी मराठी सारांशाने करावी असा आमचा विचार आहे. लेखात मांडलेल्या मतांशी आपण सहमत नसाल तर तेही जरूर लिहा. विशेषतः जे स्वतः पोलाद कारखान्यात काम करतात त्यांचे म्हणणे आम्हाला हवे आहे.



– संपादक मंडळ